लाकडी जाळीकाम : खाका स्वतः कसा काढावा

मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि सजावटीसाठी वापरला जाणारा थर्माकोलही तिच्या कक्षेत आला. गणेशोत्सवात घरोघरी दिसणारी पांढरीशुभ्र मखरे त्यामुळे मागे पडू लागली व त्यांची जागा कापड, पुठ्ठा, बांबू आणि पातळ प्लायवूड यांनी घेण्यास प्रारंभ केला. गावातील सुताराच्या दृष्टीने ही एक संधीच होती. परंतु आज बाजारात मिळणारी प्लायवूडची मखरे बहुधा शहरातील यंत्रशाळांतून कापून येतात, आणि त्यांवरील मोर, कमळ व वेलबुट्टी पाहू जाता कोकणातील मखर कोणते व विदर्भातील कोणते हे सांगता येऊ नये इतकी ती एकसारखी असतात. सुताराजवळ करवत आहे, लाकडाची पारख आहे, हातही तयार आहे. त्याच्याजवळ नसतो तो खाका.

खाका म्हणजे लाकडावर चिकटवून ज्याच्या रेषेवरून करवत चालवावयाची तो कागद. तो विकत मिळतो, कोणाचा तरी उतरवूनही घेता येतो. पण दुसऱ्याच्या खाक्यावर काम करणारा कारागीर मजुरीपुरता उरतो, आणि ती मजुरीही यंत्र स्वस्त करून टाकते. स्वतःचा खाका काढता आला की परिस्थिती बदलते. गिऱ्हाईक मागेल त्या मापाची, त्याच्या घराण्याच्या नावाची, त्याच्याच गावच्या देवळाच्या कमानीची वस्तू तो देऊ शकतो. ही विद्या अवघड नाही. तिला चित्रकाराची बोटे असलीच पाहिजेत असेही नाही. तिचे काही नियम आहेत आणि ते लाकडाच्या स्वभावातून आलेले आहेत.

करवत आणि तिच्या मर्यादा

जाळीकामाची हातकरवत, जिला शाळांतून ‘फ्रेटसॉ’ या नावाने ओळखतात, ती म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची खोल लोखंडी चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसविलेले, सुमारे पाच इंच लांबीचे अत्यंत बारीक पाते. पात्याचे दाते मुठीकडे, म्हणजे खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे ते खाली ओढताना कापते. टेबलाच्या कडेला ‘व्ही’ आकाराची खाच असलेली एक फळी पक्की करून तिच्यावर काम ठेवतात. ‘स्क्रोल सॉ’ हे याच करवतीचे विजेवर चालणारे रूप होय. त्यात पाते जागेवर वरखाली होत राहते आणि कारागीर फळी फिरवीत नेतो.

बंद जागेतील नक्षी कापावयाची असेल तर आधी तेथे गिरमिटाने किंवा ड्रिलने भोक पाडून, पात्याचे एक टोक सोडवून, ते भोकातून ओवून पुन्हा ताणावे लागते. साध्या टोकाच्या पात्याला दोन मिलिमीटरांचे भोक पुरते. ज्याच्या टोकाला आडवी खीळ असते त्या पात्याला त्याहून बरेच मोठे भोक लागते, म्हणून अशा यंत्रावर नाजूक जाळी साधत नाही. खाका काढणाऱ्याने हे आरंभीच ध्यानात घ्यावे. कागदावर एका दमात काढलेले प्रत्येक लहानसे पान म्हणजे एक भोक, एकदा पाते सोडविणे व एकदा ताणणे होय. खाक्यातील बंद जागा मोजल्या की कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज येतो. शंभर भोकांची जाळी दिसावयास सुंदर असली तरी तिची किंमत गिऱ्हाईकाला परवडेल काय, याचा विचार पेन्सिल हातात असतानाच करावा. चाळीस भोकांत तोच परिणाम साधणारा खाका हा अधिक चांगला खाका समजावा.

दुसरी मर्यादा यंत्राच्या खोलीची. पाते आणि मागचा खांब यांमधील अंतर सामान्य यंत्रात सोळा इंच, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर असते. फळी फिरविताना तिचा दूरचा कोपरा खांबावर आपटला की काम अडते. समजा, मखराची पाठ ६० सें. मी. उंच व ४५ सें. मी. रुंद आहे. तिचा कर्ण ७५ सें. मी. भरतो. बरोबर मध्यभागी नक्षी असेल तर तेथून प्रत्येक कोपरा ३७.५ सें. मी. अंतरावर येतो व फळी विनासायास फिरते. परंतु तीच नक्षी कोपऱ्याजवळ असेल तर समोरचा कोपरा खांबाला अडणारच. हीच पाठ चार सारख्या भागांत विभागली तर प्रत्येक भाग ३० सें. मी. × २२.५ सें. मी. होतो, त्याचा कर्ण ३७.५ सें. मी. येतो आणि मग भोक कोठेही असो, फळी पूर्ण वर्तुळात फिरविता येते. योगायोग असा की, कचेऱ्यांतून नेहमी वापरला जाणारा ए-फोर कागद २९.७ × २१ सें. मी. मापाचा असतो व त्याचा कर्ण ३६.४ सें. मी. आहे. तेव्हा जो भाग एका ए-फोर कागदात मावतो तो सोळा इंची यंत्रावर निश्चित कापता येतो, हे सोपे परिमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. भागांचे सांधे मात्र वेलीच्या देठावर किंवा चौकटीच्या रेषेवर येतील असे योजावेत. मोराच्या गळ्यावरून जाणारा सांधा कितीही सफाईने जोडला तरी दिसतोच.

बेट आणि पूल

चित्र आणि खाका यांत एक मूलभूत भेद आहे. चित्रात रेषा कोठेही सुरू होऊन कोठेही संपते. खाक्यात दोनच गोष्टी संभवतात, लाकूड आहे किंवा नाही. छाया नाही, उठाव नाही, मधला रंग नाही. आणि जे लाकूड राहावयाचे ते सर्व परस्परांना जोडलेले असले पाहिजे. चहूकडून कापले गेलेले लाकूड म्हणजे बेट, आणि बेट खाली पडते. ते पडू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली अरुंद पट्टी म्हणजे पूल. नक्षी कापण्याच्या बहुतेक कलांना हा प्रश्न पडलेला आहे. मथुरेच्या सांझीतील कागदी साचे कापणाऱ्यांनी तो पूल ठेवून सोडविला, तर जपानमध्ये कापड छापण्यासाठी कागदाचे साचे कापणाऱ्यांनी बेटे रेशमाच्या बारीक धाग्यांनी टांगून धरली. लाकडाला धागा चालत नाही, त्यामुळे पुलाशिवाय गत्यंतर नाही.

हा नियम समजण्यासाठी आपल्या लिपीसारखे साधन नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दारावर लावावयाची नावाची लाकडी पाटी हा खाक्याचा पहिला पाठ म्हणून घ्यावा. ‘ग्रामपंचायत’ हा शब्दच पाहा. अक्षरे ठेवून भोवतालचे लाकूड काढावयाचे असेल तर शिरोरेषा ही कारागिराला मिळालेली देणगीच आहे. रोमन लिपीतील अक्षरे सुटी असतात, ती खालच्या पट्टीवर उभी करावी लागतात किंवा एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरीतील अक्षरे मात्र शिरोरेषेला टांगलेली असल्याने सबंध शब्द एकाच तुकड्यात निघतो. ‘ग’ चा काना आकड्यापासून वेगळा असला तरी दोन्ही वर जोडलेले आहेत, म्हणून ‘ग’ सुटत नाही. सुटतो तो ‘पं’ वरील अनुस्वार. तो टिंब कशालाच चिकटलेला नाही. त्याला शिरोरेषेपर्यंत खाली ओढून थेंबासारखा आकार द्यावा किंवा त्याखाली एक लहान देठ ठेवावा. चंद्रबिंदूची व विसर्गाची गोष्ट तीच. शिरोरेषा न तोडता लिहावी, कारण ‘भ’ आणि ‘ध’ यांवर ती खंडित असते आणि त्या जागी पाटी कमजोर होते. तेथे मागून एक पातळ पट्टी लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आता उलट करावे. पाटी अखंड ठेवून अक्षरेच कापून काढावयाची, म्हणजे मागून दिवा लावला असता नाव उजळून दिसेल. येथे अनुस्वाराचा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तो एक भोक होऊन बसतो. परंतु ‘म’, ‘प’ व ‘य’ यांच्या पोटातील बंद जागा बेटे होतात व अक्षर कापताच खाली गळतात. ‘व’ आणि ‘ब’ यांचे पोटही असेच. त्यांना काना किंवा शिरोरेषा यांच्या आरपार एक-दोन अरुंद पूल ठेवावे लागतात. सरकारी पेट्यांवर व धान्याच्या पोत्यांवर पत्र्याच्या साच्यातून रंगविलेल्या अक्षरांत ज्या फटी दिसतात त्या याच पुलांच्या. तेथे त्या ओबडधोबड दिसतात, पण त्याचा दोष पुलांना देता येत नाही. ते कोठेही ठेवले गेले हे त्याचे कारण आहे. बोरूने किंवा टाकाने लिहिताना जेथे रेषा मुळातच बारीक होते तेथे पूल ठेवला तर तो अक्षराच्या वळणात विरून जातो.

खाका पुरा झाल्यावर जे भाग कापून काढावयाचे ते लाल खडूने भरून टाकावेत आणि मग मुंगीची कसोटी घ्यावी. पांढऱ्या भागावर एक मुंगी सोडली आहे अशी कल्पना करावी. लाल भागावर पाय न ठेवता ती प्रत्येक पांढऱ्या जागी पोहोचू शकली पाहिजे. जेथे ती पोहोचत नाही ते बेट होय. चौथीच्या मुलालाही ही कसोटी घेता येते, आणि वर्गात ती घेऊ दिल्यास भूमितीच्या तासाला जे सांगून समजत नाही ते येथे बोटाने समजते.

लाकडाचा रेशा

पूल किती रुंद ठेवावा हा प्रश्न लाकडाला विचारावा लागतो. अखंड फळीत रेशाच्या दिशेने असलेला बारीक भाग टिकतो, रेशाला आडवा आलेला भाग टिचकीसरशी मोडतो. हरणाचे चार पाय उभे असतील तर रेशाही उभा धरावा. मग शिंगे आडवी जात असतील तर ती जाड करावीत किंवा मागे वळवून पाठीला टेकवावीत. जुन्या कोरीव कामात हरीण पुष्कळदा मान मागे वळवून पाहताना दिसते, त्यात सौंदर्यदृष्टी आहेच, पण कारागिराची हिशेबी नजरही असावी. प्लायवूडमध्ये पापुद्रे एकाआड एक काटकोनात चिकटविलेले असल्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. तरीही कोणताही पूल फळीच्या जाडीहून अरुंद ठेवू नये, हा नवशिक्यासाठी सुरक्षित नियम आहे. सहा मिलिमीटरांच्या प्लायवूडमध्ये सहा मिलिमीटर. हात बसल्यावर तीन मिलिमीटरांपर्यंत जाता येते.

एमडीएफ या नावाने मिळणाऱ्या भुसापाटीला रेशा नसतो. ती कापावयास मऊ व स्वस्तही असते. पण ती ओल शोषून फुगते, आणि गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो. कोकणातील घरात एमडीएफच्या मखराची नाजूक जाळी दोन वर्षेही नीट राहणे कठीण. शिवाय तिचा भुसा अतिशय सूक्ष्म असल्यामुळे शाळेत ती वापरावयाची तर नाकावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा यांवाचून कोणासही करवतीजवळ बसू देऊ नये.

वारली चित्रांतील आकृती उतरविताना रेशाचा विचार विशेष करावा लागतो. त्रिकोण, वर्तुळ व चौकोन यांतून उभी राहिलेली ती माणसे खाक्यासाठीच जन्मली आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु दोन त्रिकोणांची टोके जेथे मिळतात ती कंबर एका बिंदूवर येते, आणि लाकडात बिंदूला बळ नसते. तेथे त्रिकोणांची टोके थोडी एकमेकांत घुसवावी लागतात. हातपायांच्या काडीसारख्या रेषांना जाडी द्यावी लागते. मात्र जाडी अती झाली की नाचाची लय जाते. तारप्याभोवती फेर धरलेल्या आकृतींचे हात एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणजे पूल चित्रकाराने आधीच बांधून ठेवलेले आहेत. अशी रचना निवडणे एकट्या सुट्या आकृतीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

हाताने काढलेला खाका

ज्या गावात संगणक नाही तेथे हे काम अडून राहावे असे मुळीच नाही. १८९५ मध्ये इंग्लंडात ‘हॉबीज’ या नावाचे साप्ताहिक सुरू झाले. ते आपल्या वाचकांना जाळीकामाचे खाके पुरवीत असे आणि त्यावरून असंख्य घरांत घड्याळांच्या चौकटी व भिंतीवरील फडताळे तयार झाली. ते सर्व खाके परकार, पट्टी व पेन्सिल यांनीच काढलेले होते. आपल्याकडे तर ठिपक्यांची रांगोळी ही घराघरातील आलेखविद्या आहे. ठिपके समान अंतरावर मांडले की नक्षीचे प्रमाण आपोआप राखले जाते. आलेख कागदावर ठिपके मांडून, रांगोळीच्या एकेरी रेषेऐवजी दोन समांतर रेषा काढाव्यात. त्या दोहोंमधील पट्टी हेच लाकूड. रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे पट्ट्या आपोआप जोडल्या जातात व बेटांचा प्रश्नच उद्भवत नाही. नवशिक्याने मोर-कमळाच्या मागे न लागता येथूनच आरंभ करावा. रांगोळी काढणाऱ्या गृहिणींना वर्गात बोलावून त्यांच्याकडून नमुने काढून घेतले तर शिक्षकाचे निम्मे काम होते.

दोन्ही बाजू सारख्या असलेली कमान किंवा महिरप काढताना कागद मधोमध दुमडून अर्धीच नक्षी काढावी आणि जत्रेच्या पताका कापतात त्याप्रमाणे दोन्ही पदर एकत्र कापावेत. लहान नक्षी मोठी करण्यासाठी चौकडीची पद्धत वापरावी. मूळ चित्रावर एक सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात, मोठ्या कागदावर तितक्याच संख्येच्या तीन सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात आणि रेषा ज्या चौकटीतून जशी जाते तशी ती दुसरीकडे उतरवावी. नक्षी तिप्पट झाली की पूलही तिप्पट रुंद होतात व काम बोजड दिसू लागते. म्हणून मोठे केल्यानंतर पूल व देठ पुन्हा हाताने बारीक करावे लागतात. याच्या उलट, नक्षी लहान करताना आधी पूल जाड करावेत. छायाप्रत यंत्रावर लहानमोठे करणाऱ्यांकडून ही गोष्ट हमखास विसरली जाते.

गावातील जुना वाडा, त्याची गणेशपट्टी, छपराच्या कडेची लाकडी झालर, देवळाच्या सभामंडपातील महिरप ही नमुन्यांची खाणच होय. वाडे पडत आहेत, चौकटी विकल्या जात आहेत, आणि एकदा गेलेली नक्षी परत मिळत नाही. नक्षीवर पातळ कागद धरून वरून मेणाचा खडू किंवा मऊ पेन्सिल आडवी घासली असता उठावाचा ठसा कागदावर उतरतो. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी किंवा केवळ छायाचित्रावर समाधान मानावे. कोरीव कामाचा ठसा मात्र तसाच खाका होऊ शकत नाही. कोरीव कमळाला खोली असते, पाकळीवर पाकळी चढलेली असते. जाळीत ती खोली दाखविता येत नाही, म्हणून कोणती रेषा फट म्हणून ठेवावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची याची निवड करावी लागते. दहा रेषांपैकी सहा सोडून दिल्या तरी कमळ कमळच दिसले पाहिजे. खाका काढणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते आणि ती कोणतेही यंत्र त्याच्याऐवजी देऊ शकत नाही.

संगणकावरील खाका

संगणकाचा उपयोग शीण वाचविण्यासाठी करावा, निवड वाचविण्यासाठी नव्हे. ‘इंकस्केप’ ही रेखाचित्रांची संगणक प्रणाली २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि शाळेतील सामान्य संगणकावर ती चालते. ठशाचे किंवा हाताने काढलेल्या चित्राचे मोबाइलवर सरळ समोरून छायाचित्र घेऊन ते या प्रणालीत आणले की ‘ट्रेस बिटमॅप’ या सोयीने काळ्या-पांढऱ्या भागांच्या कडा रेषांत बदलतात. किती गडद भाग काळा धरावयाचा याची मर्यादा आपणच ठरवितो. ती थोडी वरखाली केली की बेटे वाढतात किंवा नाहीशी होतात, म्हणून चार वेगवेगळ्या मर्यादांवर करून पाहावे. माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र उतरविताना बहुतेकांची फसगत येथेच होते. डोळ्यांतील चमक, नाकाची कड व दातांची रांग ही सारी बेटे होऊन बसतात. तेथे केस, भुवई, कानाची सावली यांना धरून पूल काढावे लागतात आणि दात सोडून द्यावे लागतात.

यंत्राने काढलेली रेषा शेकडो लहान बिंदूंनी बनलेली असते. ती तशीच ठेवली तर कापताना हात थरथरल्यासारखी कड येते. ‘सिंप्लिफाय’ या आज्ञेने बिंदू कमी करावेत आणि उरलेले हाताने सरकवून वळण गुळगुळीत करून घ्यावे. एक पाकळी नीट काढून ती केंद्राभोवती आठ वेळा फिरविणे, अर्ध्या कमानीचे प्रतिबिंब घेणे, पूल सर्वत्र चार मिलिमीटर आहे की नाही हे तपासणे, नाव बदलून त्याच पाटीचा नवा खाका काढणे ही कामे मात्र संगणकाने काही मिनिटांत होतात आणि त्यासाठीच तो घ्यावा. अक्षरे प्रणालीतूनच घेतली असतील तर छापण्यापूर्वी ती रेषांत रूपांतरित करावीत, अन्यथा दुसऱ्या संगणकावर तो टंक नसल्यास अक्षरांचे वळणच बदलते.

छापताना एक चूक वारंवार घडते. छपाईयंत्र कागदात बसविण्यासाठी चित्र आपोआप थोडे लहान करते. म्हणून ‘पानात बसवा’ ही सोय बंद करून शंभर टक्के मापावर छापावे, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची एक रेषा खाक्याबरोबर छापून ती पट्टीने मोजून पाहावी. ती ९.७ भरली तर तो कागद बाद समजावा. शोभेच्या पाटीत तीन टक्क्यांचा फरक खपून जातो, परंतु भाग एकमेकांत बसवावयाच्या मखरात तो चालत नाही.

घडीच्या मखराचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे इष्ट ठरेल, कारण दरवर्षी काढून ठेवता येणारे मखर हेच थर्माकोलला खरे उत्तर आहे. अशा मखराचे बाजूचे पडदे व पाठ एकमेकांत खाचेने बसवितात. दोन्ही फळ्यांची उंची सारखी असेल तर एकीत वरून व दुसरीत खालून निम्म्या उंचीची खाच ठेवावी. खाचेची रुंदी फळीच्या जाडीइतकी असली पाहिजे, आणि दुकानात सहा मिलिमीटर म्हणून मिळणारे प्लायवूड पुष्कळदा तेवढे भरत नाही. म्हणून फळी आणल्यावर ती प्रत्यक्ष मोजावी व मगच खाच आखावी. रंगाचे थर चढल्यावर जाडी वाढते, तेव्हा किंचित सैल ठेवावे. करवत रेषेच्या आत चालवावयाची की बाहेर, हे खाचेच्या बाबतीत आधी ठरवून खाक्यावर खूण करावी, कारण पाते स्वतःच सुमारे एक मिलिमीटर लाकूड खाऊन टाकते.

लेसर यंत्राला तोच संगणकीय खाका चालतो, पण त्याची फट याहून पुष्कळच बारीक असते, म्हणून खाचांची मापे बदलावी लागतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून ‘फॅब लॅब’ आहे, आणि संगणकावरील आराखड्यावरून वस्तू घडविण्याचे काम ग्रामीण मुलांच्या हातीही देता येते हे तेथे दिसून आले आहे. लेसर यंत्र सर्वत्र येईल तेव्हा येवो. खाका काढता येणारा माणूस तोपर्यंत हातकरवतीवर आणि नंतर त्या यंत्रावर, दोन्हीकडे उपयोगी आहे.

एकावर एक थर

खाका तयार झाला की तो एकदाच कापावा असे नाही. तीन मिलिमीटरचे तीन-चार थर कडांना चिकटपट्टीने घट्ट बांधून एकत्र कापले की तितक्याच सारख्या जाळ्या एका मेहनतीत मिळतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारी असलेला कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळ व कासवाची पाठ यांचे पत्रे एकत्र कापून एकाची नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवीत असे आणि एका खाक्यातून दोन परस्परविरुद्ध जोड्या काढीत असे. सागवानी व शिसवी पातळ फळ्यांवर आपल्याकडेही हा प्रयोग सहज करता येण्याजोगा आहे. टाकाऊ म्हणून खाली पडलेले तुकडे मग टाकाऊ राहत नाहीत. कापताना लहान जागा आधी, मोठ्या नंतर आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी घ्यावी, म्हणजे नाजूक भागाला शेवटपर्यंत आधार राहतो.

शाळा आणि पंचायत

हाताने काम करीत शिकण्याचा विचार या राज्याला नवा नाही. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत नयी तालीमची कल्पना पुढे आली, कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले आहे. हे दहा दिवस केवळ करवत धरण्यात घालविले तर मुलांना एक हस्तव्यवसाय पाहावयास मिळेल एवढेच. त्यांतील पहिले चार दिवस गावातील नक्षींचे ठसे घेण्यात व खाके काढण्यात गेले, तर सुताराला मुलांकडूनही काही मिळेल. मुलांना संगणक येतो, सुताराला लाकूड येते, आणि खाका हा या दोहोंच्या मधला कागद आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. तिच्याखाली प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज अशी तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. म्हणून पंचायत सदस्यांनी केवळ सही करून न थांबता, अर्जदार सुतार त्या रकमेतून कोणती अवजारे घेणार आहे याची चौकशी करावी. घरबांधणीची कामे न मिळणाऱ्या महिन्यांत त्याला जाळीकामाचे यंत्र उपयोगी पडेल काय, याचाही विचार त्या वेळी व्हावा. ग्रामपंचायतीच्या पाटीचे, शाळेच्या नामफलकाचे, वाचनालयातील चौकटीचे पहिले काम त्यालाच दिले तर त्याच्यापाशी दाखविण्याजोगा एक नमुना तयार होतो.

खाके जपून ठेवण्याची व्यवस्था मात्र आरंभापासूनच हवी. लाकडावर चिकटविलेला कागद कामाबरोबर नाहीसा होतो, म्हणून मूळ खाका कधीही चिकटवू नये. त्याची छायाप्रत काढून ती चिकटवावी. संगणकावरील खाका दोन ठिकाणी साठवावा, आणि ज्याची मागणी वारंवार येते असा खाका तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये एकदा कापून ठेवावा, म्हणजे त्याच्या कडेने पेन्सिल फिरविली की झाले. वाचनालयात किंवा शाळेत एका खिळ्यावर अशी लाकडी पाने टांगून ठेवता येतात. प्रत्येकाच्या मागे नक्षी कोणत्या वाड्याची वा देवळाची, ठसा कोणी घेतला, कोणत्या वर्षी, आणि मूळ माप किती होते, एवढे शाईने लिहावे.